कबूल सर

सामना हरलेल्या शाळेचे सर पंचांच्या नावानं बोटं मोडतात आणि जिंकलेल्या शाळेचे सर फोटोसाठी मुख्याध्यापकांना शोधत फिरतात. आमचे सर दोन्ही वेळा गुणलेखकाच्या टेबलावर वाकलेले असतात. हळूच विचारत असतात, "आमच्या खात्यावर एखादा गुण जादा तर पडला नाही ना?" गुणलेखक बिचारा पुन्हा पहिल्यापासून बेरीज करतो. बेरीज बरोबर निघाली की सरांचा चेहरा जरासा पडतो.

त्यांचं खरं नाव हजेरीपटात आहे. तालुक्यात मात्र त्यांना कबूल सर म्हणतात. आमची मुलगी पळती असते, पाठलाग करणारीचं बोट तिच्या खांद्याला नुसतं चाटून जातं, पंचांची शिट्टी वाजत नाही, आणि आमच्याच बाकावरून आरोळी येते, "कबूल कर!" नवख्या माणसाला वाटतं, समोरच्या शाळेचे सर ओरडले. समोरच्या शाळेच्या सरांना वाटतं, ही काहीतरी चाल आहे, आणि ते आपल्या पोरींना आणखी सावध करतात.

मी गणित शिकवते. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत शिक्षिका लागते, आणि कोणाचे दोन तास बुडाले तर शाळा बुडणार नाही, या प्रश्नाचं उत्तर मुख्याध्यापकांना दरवर्षी माझ्या नावाशी सापडतं. त्यामुळे तालुका, जिल्हा आणि क्वचित विभाग, असे सरांचे सगळे पराक्रम मी पाण्याच्या जारशेजारी बसून पाहिलेत.

आमचा भाग सांगली जिल्ह्यातला. इथं खो-खो शिकवावा लागत नाही, अंगणातच येतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. शाळेच्या सभागृहात पडद्यावर सामना लावला होता. पोरांनी छत डोक्यावर घेतलं. सर पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. वहीत विश्वविजेतेपदाची नोंद नव्हती. 'शिट्टीआधी स्वतःहून बाहेर पडलेले खेळाडू' असा एक रकाना आखलेला होता. तो किती भरला, ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

क्रीडा साहित्याच्या खोलीच्या दारावर त्यांची आचारसंहिता चिकटवलेली आहे. सुरुवातीला एक पान होतं. नियम वाढत गेले, दार भरलं, मग दाराच्या आतल्या बाजूला पुढचे नियम लागले. एकोणिसाव्या नियमापासून पुढचं वाचायचं तर आत जाऊन दार ओढून घ्यावं लागतं, आणि आत दिवा नाही. बाहेरचे मात्र सगळ्या मुलींना पाठ आहेत. हरल्यावर हात मिळवताना बोटं देऊ नयेत, पंजा द्यावा. पंचांना 'ओ पंच' म्हणू नये. दुसऱ्या शाळेच्या मुली पडल्या तर आधी उचलावं, मग हसू आवरावं. जिंकल्यावर नाचायला हरकत नाही, पण समोरच्या संघाची एसटी सुटल्यावर.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की हरण्याचा सराव असतो. अर्धा संघ जिंकलेला, अर्धा हरलेला, समोरासमोर दोन रांगा. हरलेल्यांनी मान वर ठेवून यायचं, डोळ्यांत बघून 'छान खेळलात' म्हणायचं, आणि आवाजात 'बघून घेऊ पुढच्या वर्षी' असा सूर नको. सर एकेकीचा सूर तपासतात. "तू 'छान' म्हणालीस, पण 'खेळलात'मध्ये दात दिसले. परत." आमच्या मुली खो देण्यात कमी पडतील, साखळी पळण्यात कमी पडतील, पण हरण्यात जिल्ह्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

शिक्षेच्या बाबतीत सरांनी जो घोटाळा करून ठेवलाय, तो निस्तरायला बहुतेक पुढची पिढी लागेल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम सांगतं की मुलांना शारीरिक शिक्षा करू नये, मानसिक त्रासही देऊ नये. मैदानावरच्या बहुतेक सरांनी याचा अर्थ 'छडी बंद, फेऱ्या चालू' असा लावून घेतलाय. सरांना तो पटेना. फेरी ही शिक्षा असेल तर ती शारीरिकच झाली, आणि पळणं म्हणजेच शिक्षा असं एकदा पोरीच्या डोक्यात बसलं की ती पळेल कशाला? प्रश्न चोख होता. उत्तर असं निघालं की मुलगी चुकली की फेरी सरांनी मारायची.

पहिल्या आठवड्यात मुली रडल्या. "सर, नका ना, मी परत नाही करणार." दुसऱ्या आठवड्यात त्या बाकावर बसून बघू लागल्या. त्यानंतर आठवीच्या मुलींच्या लक्षात आलं की सर दमले की सराव लवकर सुटतो. ज्या दिवशी गावात जत्रा किंवा कुणाच्या घरी हळद असेल, त्या दिवशी आमच्या संघाचं वर्तन अचानक बिघडतं. आता सरांचा गुडघा कुरकुरतो. ते फेरी चालत मारतात, त्यामुळे एकाच चुकीत अख्खा सराव संपतो.

शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. यातल्या 'खालचे' या शब्दावर महाराष्ट्रातल्या कितीतरी क्रीडाशिक्षकांची कारकीर्द उभी आहे. मिशी कोरून आलेला गडी 14 वर्षांखालच्या गटात उतरलेला मी स्वतः पाहिलाय; त्याच्या ओळखपत्रावर मुख्याध्यापकांची सही होती आणि फोटो त्याच्या धाकट्या भावाचा वाटत होता. सरांचा नियम उलटा. समोरच्या संघाची ओळखपत्रं ते बघतसुद्धा नाहीत. तपासणी आपल्या मुलींची. जनरल रजिस्टर, जन्मदाखला, आधार, आणि एवढं सगळं जुळलं तरी शेवटी घरी जाऊन आजीची साक्ष. "आजी, ही झाली तेव्हा पाऊस होता का?" एका चांगल्या पळणाऱ्या मुलीच्या आजीनं चहा ओतता ओतता सांगून टाकलं, की थोरल्या नातीचं बारसं आणि हिचं डोहाळजेवण एकाच मांडवात झालं. थोरल्या नातीचा दाखला सरांकडे होताच. हिशेब काढायला ते माझ्याकडे आले. मी काढून दिला. मुलगी गटाबाहेर, संघ तालुक्यातच गारद. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, रजिस्टरात जे आहे ते आहे. आजीला कुणी विचारलं होतं?"

2020 मध्ये क्रिकेटच्या नियामक मंडळानं खेळाडूंसाठी एक सवलत काढली. वय चोरलं असेल तर आपणहून सांगा, कारवाई होणार नाही. लपवलंत आणि सापडलात तर दोन वर्षं बंदी. सर या बातमीनं भारावले. शाळा पुन्हा भरू लागल्यावर त्यांनी परिपाठाला ती वाचून दाखवली आणि तीच योजना आमच्या शाळेतही लागू केल्याचं जाहीर करून टाकलं. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. शेवटी एकाच माणसानं कबुली दिली, ती खुद्द सरांनी.

त्यांची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनलाच असतो, कारण नाव घालताना गुरुजींना पहिलीच्या वयाला बसेल अशी तारीख हवी असायची, आणि आईला आठवायचं ते फक्त ज्वारी काढणीला आली होती एवढंच. सरांनी रीतसर अर्ज लिहिला: माझी खरी जन्मतारीख मला ठाऊक नाही, सबब माझी सेवानिवृत्तीची तारीखही खरी नाही, शासनाची फसवणूक होत असल्यास योग्य ते व्हावे. मुख्याध्यापकांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यांचीही तारीख 1 जून आहे.

सराव संपला की सर गोष्ट सांगतात. गोष्टी पुष्कळ येतात त्यांना, पण सांगतात ती एकच. 1980 सालची मुंबईची सुवर्णमहोत्सवी कसोटी, वानखेडे, समोर इंग्लंड. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याला वाटलं, चेंडू बॅटीला लागलेला नाही. त्यानं पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावलं. मग टेलर टिकला, बोथमनं शतक ठोकलं, आणि, इथं सर थांबतात, चष्मा पुसतात, "आणि आपण हरलो. दहा गडी राखून हरलो!" हे वाक्य ते अशा काही तृप्तीनं उच्चारतात की कडेला उभी असलेली पालकमंडळी टाळी वाजवायला हात उचलतात आणि मग विचारात पडतात.

एकदा सातवीतल्या एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "सर, मग त्यांना परत कर्णधार केलं का?" सरांनी चष्मा पुन्हा पुसला. विश्वनाथनं एकंदर दोनच कसोटींत कर्णधारपद केलं, आणि ही दुसरी. सर खोटं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांनी हेही सांगितलं. त्या दिवशी मुली घरी जाताना बऱ्याच गप्प होत्या.

लोकांचा समज आहे की सरांना जिंकायची हौस नाही. साफ चूक. इतका हपापलेला माणूस मी मैदानावर दुसरा पाहिलेला नाही. फक्त त्यांना जी स्पर्धा जिंकायची असते ती वेळापत्रकात छापलेली नसते. सामना कुणीही न्यावा. पण सगळ्यात सरळ कोण वागलं, या बाबतीत दुसरा क्रमांक आला तर त्यांना रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या एखाद्या सरांनी भर मैदानात आपली चूक मान्य केली की सगळे वाहवा करतात आणि आमचे सर पुटपुटतात, "उशिरा केली."

पालकांसाठी त्यांनी वेगळी फक्की मारून ठेवली आहे. मैदानाच्या कडेनं पांढरी रेघ, पालकांनी तिच्यामागे. रेघेमागून टाळ्या वाजवता येतात, नावानं हाक मारता येते, सूचना देता येत नाहीत. एका मुलीचे वडील, दूध डेअरीवाले, दर सामन्याला "डावीकडनं! डावीकडनं घे!" असं ओरडायचे. सरांनी फक्कीचा डबा आणला आणि त्यांच्या पायांभोवती गोल काढला. मग म्हणाले, "दादा, या गोलातून तुम्ही मुलीला फक्त 'शाब्बास' म्हणायचं." पुढचा अर्धा तास ते गृहस्थ वेगवेगळ्या चालींत शाब्बास म्हणत राहिले. डावीकडच्या शाब्बासचा सूर वेगळा, उजवीकडच्याचा वेगळा. मुलीला तो कळत होता. सरांनाही कळत होता, पण नियमात सुराबद्दल काही नव्हतं. रात्री तो नियम दाराच्या आतल्या बाजूला लागला.

एका बाबतीत मात्र सरांना कुणी हसत नाही. मुलीचा पाय मुरगळला तर पाय मी बघते, सर पाठ करून उभे राहतात आणि बर्फ कुठं मिळेल ते सांगतात. पवित्रा चुकला तर ते मुलीच्या खांद्याला हात लावत नाहीत, स्वतः चौकात बसून दाखवतात, गुडघा कुरकुरत असला तरी. कुठल्याही मुलीला एकटीला निरोप नाही, एकटीला गाडीवर सोडणं नाही. जो निरोप असेल तो पालकांच्या गटावर, आणि मी त्या गटात. हे नियम दाराच्या बाहेरच्या बाजूला, सगळ्यात वर आहेत, आणि इतर शाळांतल्या बायकांनी त्याचे फोटो काढून नेलेत.

राष्ट्रीय पुरस्कारांवरही सरांचा आक्षेप आहे. उत्तम प्रशिक्षकाला सरकार द्रोणाचार्य पुरस्कार देतं, 1985 पासून. खो-खोतल्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूला मिळतो तो एकलव्य पुरस्कार. "म्हणजे पोराला एकलव्य आणि मास्तराला द्रोणाचार्य," सर म्हणतात. "एकाच मांडवात दोघांना बोलावलं तर नजर कशी मिळवायची त्यांनी?" आपल्याला द्रोणाचार्य मिळालाच तर नाकारायचा, असं त्यांनी ठरवून ठेवलंय. अजून तशी वेळ आलेली नाही. नकाराचं पत्र तयार आहे.

पण पोरं ती पोरं. इतकी वर्षं 'कबूल कर' ऐकून त्यांनी त्याचा धंदा शिकून घेतला. आमची कर्णधार पहिल्याच मिनिटाला, पंचांनी पाहिलेलं नसताना, हात वर करून बाहेर आली. "पंच, मला लागलं." टाळ्या झाल्या. सामन्याच्या सरपंचांनी मान डोलावली. सरांच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या डावात, शेवटची काही सेकंदं उरलेली, तीच मुलगी खांबापाशी वळताना अख्खा पंजा तिच्या पाठीवर पडला. आवाज माझ्यापर्यंत आला. पंचांनी तिच्याकडे पाहिलं. ती पळत राहिली. ही मुलगी, जिला पहिल्या डावात लागलं तर स्वतःहून बाहेर आली, ती आता लागून कशी पळेल? पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. गणिताची बाई म्हणून मला तिचं कौतुक वाटलं: पहिल्या डावात ठेव ठेवली, दुसऱ्यात व्याजासकट उचलली.

सामना आम्ही जिंकलो. सरांनी तिला बाजूला घेतलं.

"लागलं होतं?"

"सर, पंचांनी दिलं नाही."

"लागलं होतं का, ते विचारतोय."

"सर, तुम्हीच म्हणता ना, पंचांचा निर्णय अंतिम. नियम चार."

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नियम चार दाराच्या बाहेरच्या बाजूलाच आहे. त्या दिवशी सरांनी फेऱ्या मारल्या, किती ते मी मोजलं नाही, आणि कर्णधार बाकावर बसून संत्रं सोलत होती.

पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात जे झालं ते तालुक्यात अजून सांगतात. समोरच्या शाळेत नवे सर आले होते, तरुण, अमरावतीत शिकून आलेले, आणि दुर्दैवानं तेही प्रामाणिक. आमची मुलगी वळली, तिची वेणी मागे उडाली, आणि पाठलाग करणारीचा हात त्या वेणीला लागला. पंच गोंधळले. आमचे सर उठले, "आउट! वेणीला लागलं, मी पाहिलं." समोरचे सर उठले, "नाही पंच, माझ्या मुलीचा पाय त्याआधीच मध्यरेषेवर पडला होता. नियमभंग. आउट देऊ नका." "वेणी हा शरीराचाच भाग आहे!" असं आमचे सर आपल्याच मुलीविरुद्ध, आणि "पाय आधी पडला, सर, पाय!" असं ते आपल्याच मुलीविरुद्ध. आवाज चढले. दोघंही फक्कीची रेघ ओलांडून मैदानात. दोन्ही संघ उभे राहून बघत होते. पंचांनी शिट्टी गळ्यातून काढून गुणलेखकाच्या टेबलावर ठेवली आणि ते पाणी प्यायला गेले. सरपंचांनी तो क्षण झालाच नाही असं ठरवून खेळ पुढे चालू केला. तरुण सर हसले, हात पुढे केला. आमच्या सरांनी पंजा दिला, बोटं नव्हे. पण चेहरा मी शनिवारच्या सरावात कधी पाहिलेला नव्हता.

त्या स्पर्धेत 'सर्वांत शिस्तबद्ध संघ' असा एक करंडक होता. तो त्या तरुण सरांच्या शाळेला जाहीर झाला.

सरांनी आजवर एकाही पराभवाविरुद्ध आक्षेप घेतलेला नाही. वय चोरलेल्या संघांकडून हरले, घड्याळ बंद पडलेल्या वेळाधिकाऱ्यामुळे हरले, तक्रार नाही. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी ठरल्या वेळेत, ठरलेली फी भरून, लेखी आक्षेप दाखल केला. करंडक मिळवलेल्या संघातल्या एका मुलीचं नख वाढलेलं होतं आणि दुसरीनं सामन्यानंतर पाण्याची बाटली मैदानावर तशीच टाकली, सबब निर्णयाचा फेरविचार व्हावा.

आक्षेप समिती म्हणजे तिघंजण आणि एक वडापावची पिशवी. अध्यक्षांनी अर्ज दोनदा वाचला. "म्हणजे करंडक तुम्हाला द्यायचा?"

"छे. आमच्या सात नंबरनं पंचांकडे डोळे वटारले. आम्ही अपात्र."

"मग तिसऱ्याला?"

"ते जिंकल्यावर नाचले. समोरच्यांची एसटी उभी असताना."

अध्यक्षांनी वडापाव खाली ठेवला. "सर, नाव कोरून झालंय हो."

आक्षेप फेटाळला, फी जप्त. सर पावती घेऊन बाहेर आले तर दारात तरुण सर उभे, हातात करंडक. त्यांना आक्षेपाचं कळलं होतं. म्हणाले, "सर, नख खरंच वाढलेलं होतं. बाटलीही आमचीच. हा तुम्ही ठेवा." आमच्या सरांचा रंग उडाला. हरवलं होतं त्यांना, आणि तेही नम्रपणानं. "मी कसा घेऊ?" "मी तरी कसा ठेवू?" करंडक दोघांच्या हातांतून इतक्या वेळा इकडून तिकडे गेला की त्याचा एक कान निखळला.

सध्या तो तालुका संयोजकांच्या घरी फ्रिजवर आहे. दोन्ही शाळा न्यायला तयार नाहीत. या वर्षीच्या नियोजनाच्या सभेत हे बक्षीस बंद करावं असा ठराव पुढे आला. सगळ्यांना पटला, पण सूचक कोण, असं विचारल्यावर दोन्ही सरांनी एकदमच एकमेकांचं नाव घेतलं, 'कल्पना मूळ त्यांची' म्हणून, आणि सभा तिथेच तहकूब झाली.